पान सौम्य, तेल जहाल

दौंड तालुक्यात ‘केमिकल’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुरकुंभची औद्योगिक वसाहत उभी राहते. रसायन म्हणजे कारखान्यातले, आणि झाडाच्या पानातले ते नैसर्गिक, अशी विभागणी आपण मनाशी कधीच करून टाकली आहे. भीमेच्या अलीकडच्या शिरूरकरांचे आणि पलीकडच्या दौंडकरांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, या बाबतीत मात्र एकमत दिसते. “डॉक्टर, गोळ्या नकोत, त्यात केमिकल असतं, आम्ही आपलं पाल्याचंच करतो,” हे वाक्य नदीच्या दोन्ही काठांवरचे रुग्ण सारख्याच विश्वासाने म्हणतात. पाल्याचे करण्याला माझा विरोध नाही. ते करताना पान आणि त्या पानाचे तेल या दोहोंत जे अंतर आहे ते मात्र घरोघरी ठाऊक असायला हवे, कारण ते ठाऊक नसल्याने होणारी इजा बहुधा घरातल्या सर्वांत लहान माणसाला होते.

लिंबाचे, बेलाचे किंवा कढीलिंबाचे एक पान तोडून ते उन्हाकडे धरावे. हिरव्या पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. नीलगिरीच्या आणि पेरूच्या पानांतही ते असतात. हे ठिपके म्हणजे तेलाच्या सूक्ष्म थैल्या. तुळस आणि पुदिना यांची व्यवस्था निराळी. त्यांच्या पानांच्या पृष्ठभागावर तेल भरलेली बारीक केसांसारखी ग्रंथिका असतात आणि बोट लागताच त्या फुटतात. म्हणूनच तुळशीला नुसता हात लागला तरी बोटांना वास येतो, लिंबाचे पान मात्र चुरगाळावे लागते. गवती चहाचे तेल पानाच्या आतल्या पेशींत दडलेले असते, ते पात चिरल्यावर किंवा उकळल्यावर सुटते.

ही तेले करडई-शेंगदाण्याच्या तेलासारखी नव्हेत. कागदावर शेंगदाणा तेलाचा थेंब टाकला तर डाग राहतो. नीलगिरीच्या तेलाचा थेंब थोड्या वेळाने उडून जातो. म्हणून त्यांना बाष्पनशील तेले म्हणतात. ही तेले काही झाडाने आपल्या सर्दीसाठी बनवलेली नसतात. पान कुरतडणारे किडे, चरणारी जनावरे, पानावर वाढणारी बुरशी यांना दूर ठेवण्यासाठी झाड ती तयार करते, म्हणजे त्यांचा मूळ हेतू दुसऱ्या जिवाला उपद्रव देणे हाच असतो. औषधी उपयोग आणि अपाय हे दोन्ही त्याच एका गुणातून निघतात.

पाच कार्बनची वीट

या तेलांतील बहुतेक घटकांची बांधणी एकाच प्रकारच्या विटेतून झालेली असते. ही वीट पाच कार्बन अणूंची, तिचे नाव आयसोप्रीन. अशा दोन विटा जुळल्या की दहा कार्बनचे मोनोटर्पीन, तीन जुळल्या की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पीन. हा नियम मांडणारे जर्मन रसायनज्ञ ऑटो वालाख यांना १९१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पुण्याचाही या विषयाशी जुना संबंध आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. सी. भट्टाचार्य आणि सुख देव यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी भारतीय वनस्पतींतील टर्पीनांची रचना उलगडण्याचे काम त्यानंतरच्या दोन दशकांत केले आणि ते जगभर वाचले गेले.

दहा कार्बनच्या त्या लहानशा सांगाड्यावर एखादा प्राणवायूचा अणू कुठे बसतो यावर सारे अवलंबून असते. नीलगिरीतील सिनिओल, पेपरमिंटमधील मेन्थॉल, गवती चहातील सिट्रल, कापराच्या झाडाच्या लाकडातला आणि पानांतला कापूर ही सारी याच घराण्यातली भावंडे. कुंडीतल्या ओव्याच्या पानाचा झोंबरा वास कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल या फिनॉल गटातील भावंडांचा. तुळशीतील आणि दालचिनीच्या पानातील युजेनॉल मात्र दुसऱ्या घराण्यातले. लवंगेचा वास तोच.

नाक किती चोखंदळ असते याचे एक उदाहरण मला फार आवडते. आपल्या घरच्या पुदिन्याच्या तेलातील मुख्य घटक कार्व्होन. बाळंतिणीला देतो त्या बाळंतशोपेतही कार्व्होनच असते. अणू तेच, जोडणीही तीच. फक्त एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा असतो, डाव्या-उजव्या हातासारखा. एवढ्याच फरकाने एकाचा वास चटणीचा आणि दुसऱ्याचा वास बाळंतिणीच्या खोलीचा. शरीरातील ग्राही रेणू असे डावे-उजवे ओळखतात, म्हणून ‘दोन्ही एकच’ हे विधान औषधांच्या जगात जपून करावे लागते. जाता जाता सांगायचे तर, घरच्या पुदिन्यात मेन्थॉल जवळजवळ नसतेच. बाममधले मेन्थॉल उत्तर प्रदेशात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या वेगळ्या जातीच्या पुदिन्यातून येते.

त्याहून व्यवहाराची गोष्ट अशी की एकाच नावाच्या झाडांचे तेलही एकसारखे नसते. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड मुख्य, तर त्याच झाडाच्या पानाच्या तेलात युजेनॉल. सब्जाच्या काही वाणांत लिनालूल अधिक, काहींत मिथाइल चॅव्हिकॉल. औषधी नीलगिरी तेलात सिनिओल ७० टक्के किंवा अधिक असावे लागते. ते प्रामुख्याने थंड डोंगराळ भागात वाढणाऱ्या जातीच्या पानांतून मिळते. आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि कालव्याच्या कडेने उभी असलेली नीलगिरी बहुधा निराळ्या किंवा संकरित जातीची असते. काही नीलगिरीच्या पानांना तर चक्क लिंबाचा वास येतो. त्यांच्या तेलात सिनिओल नाममात्र आणि सिट्रोनेलाल भरपूर. तेव्हा ‘बांधावरच्या नीलगिरीचा पाला’ ही काही ठरावीक मात्रेची वस्तू नव्हे.

उलट, प्रत्येक औषधी पानाचा गुण त्याच्या तेलात असतो असेही नाही. अडुळशाच्या पानात सांगण्यासारखे सुगंधी तेल नसते. त्यातील व्हॅसिसिन हा अल्कलॉइड आहे, आणि कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध त्याच्याच रचनेवरून घडले. कडुनिंबाच्या पानाचा कडूपणाही उडून जाणारा नसतो. वासावरून औषधाची परीक्षा करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एक चमचा म्हणजे किती कप?

गवती चहाच्या ताज्या पातीत तेलाचे प्रमाण साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. कपभर चहात आपण फार तर तीन ग्रॅम पात टाकतो. ०.४ टक्के धरले तर त्या पातीत सुमारे १२ मिलिग्रॅम तेल असते, आणि तेही सगळे चहात उतरत नाही. बरेचसे वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरते. आता बाजारातील गवती चहाच्या तेलाचा एक चहाचा चमचा घ्या. त्यात जवळजवळ साडेचार ग्रॅम तेल मावते. म्हणजे तो एक चमचा साडेतीनशेहून अधिक कपांच्या बरोबरीचा झाला. तुळशीच्या पाच पानांचे आणि तुळशीच्या अर्काच्या बाटलीचे नाते याच जातीचे आहे. पिढ्यान् पिढ्यांचा जो निर्धोक अनुभव आपण सांगतो तो पानांचा आहे, बाटलीचा नाही. आपल्या पणजीने आयुष्यात तुळस भरपूर वापरली असेल, पण पाण्याच्या वाफेने ऊर्ध्वपातन करून काढलेले तुळशीचे शुद्ध तेल तिने बहुधा पाहिलेही नसेल.

दुसरे असे की हे रेणू आकाराने लहान आणि स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणारे असतात. त्यामुळे ते त्वचेतून, नाकाच्या अस्तरातून, फुप्फुसांतून आणि आतड्यातून वेगाने रक्तात जातात आणि रक्तातून मेंदूत जायलाही त्यांना फारशी आडकाठी होत नाही. ‘नुसतेच हुंगले’, ‘नुसतेच चोळले’ या शब्दांतील ‘नुसतेच’ म्हणूनच फसवे आहे.

नाक मोकळे होते का?

सर्दीत बाम हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, हा सर्वांचा अनुभव. वेल्समधील कार्डिफ येथे रॉन एकल्स यांनी नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा यंत्राने मोजून पाहिला. मेन्थॉल हुंगण्यापूर्वी आणि हुंगल्यानंतर अडथळा तेवढाच राहिला. लोकांना मात्र श्वास मोकळा झाल्याचे जाणवले. याचे कारण पुढे २००२ मध्ये उलगडले. आपल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारा एक ग्राही रेणू असतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की मेन्थॉल नेमका हाच ग्राही उघडतो. स्पर्श आणि तापमान यांच्या ग्राहींवरील कामासाठी या दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे मेन्थॉल नाकाची सूज उतरवत नाही. ते मेंदूला ‘थंड हवा आत येते आहे’ असा निरोप पाठवते.

हा निरोप खोटा असला तरी निरुपयोगी नाही. रात्री झोप लागावी एवढा आराम मोठ्या माणसाला त्याने मिळत असेल तर मी हरकत घेत नाही. पण धाप लागलेल्या, छाती आत ओढून श्वास घेणाऱ्या मुलाला बाम चोळून ‘आता बरे वाटते आहे’ असे म्हणत रात्र काढणे म्हणजे त्या खोट्या निरोपावर विसंबणे होय. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, कापूर, ओवा आणि लवंग यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो असा संदेश मोबाइलवरून गावोगाव फिरला. कापराने प्राणवायूची पातळी वाढत नाही. जाणीव आणि मोजमाप यांतील ही दरी ज्यांनी ओळखली नाही त्यांचे रुग्णालयात पोहोचण्याचे काही मोलाचे तास वाया गेले.

या तेलांची जंतुनाशक शक्ती सिद्ध झाली आहे का, असेही विचारले जाते. काचेच्या बशीत, होय. थायमॉल, कार्व्हॅक्रॉल आणि युजेनॉल जंतूंच्या पेशीचे आवरण विस्कटून टाकतात, आणि प्रयोगशाळेत अशी बशी पाहणाऱ्याला पटकन मोह पडतो. परंतु बशीत जंतूंना मारायला जेवढी तीव्रता लागते तेवढी रक्तात आणायची तर जंतूंआधी यकृत शरण येईल. लवंगेचे तेल एक-दोन चमचे पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून ही शक्ती शरीराच्या पृष्ठभागावर, मर्यादित जागी कामाला लावणे शहाणपणाचे. दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दातात भरतात, गुळण्यांच्या औषधात थायमॉल असते, ही त्याची चांगली उदाहरणे. पोटात घेण्याजोगे एक उदाहरणही आहे. आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमधून दिलेले पेपरमिंटचे तेल आतड्याच्या स्नायूंचे आकुंचन सैल करते आणि वारंवार पोटात मुरडा येणाऱ्या काही रुग्णांना त्याने उतार पडतो. पण तिथे तेल कोणते, मात्रा किती, कॅप्सूल कुठे फुटणार, हे सारे ठरलेले असते.

बाळाच्या गळ्यातली पुरचुंडी

उसाचा गाळप हंगाम आणि थंडी एकदमच सुरू होतात. पहाटेचे धुके, गुऱ्हाळांचा धूर, तोडणीच्या फडाशेजारच्या कोप्या आणि तान्ह्या मुलांची सर्दी हे सगळे एकत्र येते. त्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या बऱ्याच बाळांच्या गळ्यात किंवा झोळीला कापराची पुरचुंडी बांधलेली असते. “आजी, बाळाला काय काय लावलंत?” असे विचारले की उत्तर ठरलेले: “काय न्हाई डाक्टर, खोबरेल तेलात कापूर कालवून छातीला चोळला, अन् निलगिरीचं बोट नाकाला लावलं जरासं.” आजींच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण नाकपुडीजवळ लावलेले कापूर किंवा मेन्थॉल तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राला एकाएकी आवळून टाकू शकते आणि बाळाचा श्वास क्षणभर थांबू शकतो. म्हणूनच कापूर-मेन्थॉलयुक्त बामच्या वेष्टनावर दोन वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये अशी सूचना असते, बारीक अक्षरांत.

कापराचा मेंदूवरील परिणाम याहून गंभीर. कापूर पोटात गेल्यावर पाच मिनिटांपासून दीड तासापर्यंत केव्हाही, पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता, आकडी येते. सुमारे एक ग्रॅम कापराने लहान मूल दगावल्याची नोंद आहे. देवघराच्या खालच्या फळीवर ठेवलेल्या डबीतल्या पांढऱ्या वड्या रांगणाऱ्या मुलाला खडीसाखरेसारख्या दिसतात, हे आपण विसरतो. शिवाय आजचा पूजेचा बहुतांश कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. तो खाण्यासाठी नसतोच. अमेरिकेत औषधांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक नसावे असा नियम १९८३ पासून आहे. आपल्याकडे शंभर टक्के कापूर आरतीच्या तबकात खुला असतो.

नीलगिरीचे तेल पोटात गेले तर अर्ध्या तासाच्या आत गुंगी, उलट्या, तोल जाणे, आणि मात्रा अधिक असेल तर बेशुद्धी व झटके अशी चढती भाजणी दिसते. ठसका लागून ते श्वासनलिकेत उतरले की फुप्फुसाला सूज येते. मोठ्यांनीही निर्धास्त राहू नये. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदुविकारतज्ज्ञ थॉमस मॅथ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नीलगिरीचे तेल हुंगल्यानंतर आकडी आलेल्या रुग्णांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे दक्षिण भारतातील चार रुग्णालयांत चार वर्षे चाललेल्या पाहणीत, झटके आलेल्या ३५० प्रौढ रुग्णांना सुगंधी तेलांविषयी मुद्दाम विचारण्यात आले. त्यांपैकी ५५ जणांचे झटके अशा तेलांच्या वापराशी निगडित आढळले आणि ती तेले नीलगिरी व कापूर यांचीच होती. यातल्या प्रत्येकाचे कारण केवळ तेल होते असे मी म्हणणार नाही. काहींना आधीपासून अपस्मार होता आणि तेल निमित्त ठरले. पण एक गोष्ट मनावर ठसते: बाम, तेल, वाफ याविषयी डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही, कारण दोघांच्याही लेखी ते ‘औषध’ नसते. घरात कोणाला अपस्मार असेल तर हुंगण्याची तेले आणि कापूर त्या माणसापासून दूर ठेवावेत, आणि गोळ्या नियमित चालू असताना झटका आला तर गेल्या काही तासांत काय हुंगले-चोळले ते डॉक्टरांना सांगावे.

वाफाऱ्याच्या कॅप्सूलबद्दलही सांगायला हवे. गरम पाण्यात फोडून टाकण्याच्या या कॅप्सूल दिसायला अगदी गिळण्याच्या कॅप्सूलसारख्या असतात, आणि त्यांत कापूर, मेन्थॉल, नीलगिरी यांचा अर्क असतो. औषधांच्या एकाच पिशवीत दोन्ही आल्या की चष्मा न लावलेले आजोबा नेमकी तीच गिळतात. मुलांना वाफारा देताना उकळत्या पाण्याचे पातेले उलटून भाजल्याचे प्रकारही काही कमी नाहीत; सहा-सात वर्षांच्या मुलाला टॉवेल पांघरून पातेल्यावर वाकवू नये. आणि वर्षाच्या आतील बाळाला तुळशीच्या रसासोबत मध चाटवू नये. तिथे दोष तुळशीचा नसतो, मधात क्वचित असणाऱ्या बोट्युलिझमच्या बीजाणूंचा असतो.

पालखीच्या वाटेवर

आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत आणि वरवंडला मुक्कामाला येते. डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउली दिवसभर चालून संध्याकाळी पाय पसरून बसतात आणि गावोगावचे तरुण तेल आणि मलम घेऊन त्यांचे पाय चोळायला बसतात. ही सेवा पाहून मन भरून येते. त्या मलमांचा तो ओळखीचा, किंचित गोडसर उग्र वास मिथाइल सॅलिसिलेटचा. ते मूळचे गंधपुऱ्याच्या, म्हणजे विंटरग्रीनच्या पानांचे तेल. आता ते बहुतेक कारखान्यात बनते, रेणू तोच. ॲस्पिरिनचे हे सख्खे भावंड. त्वचेवर ते उष्णता आणि रक्तपुरवठा वाढवते, वेदनेवरून लक्ष हटवते. दमलेल्या पिंढरीला त्याने आराम पडतो.

मात्र गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो, म्हणजे नेहमीच्या वीसहून अधिक गोळ्या. लहान मुलाचा जीव घ्यायला तेवढे पुरेसे आहे. त्वचेतूनही ते रक्तात जाते. हृदयाची झडप बदललेल्या किंवा अन्य कारणाने वॉर्फेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी गुडघ्यांना असे मलम रोज भरपूर चोळले तर रक्त गरजेपेक्षा अधिक पातळ होऊ शकते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे डाग उठणे ही त्याची चिन्हे. ज्यांना ॲस्पिरिन घेतल्यावर दमा उठतो त्यांनीही हे मलम टाळावे. चोळलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवून वर घट्ट पट्टी बांधण्याची सवय तर सोडूनच द्यावी. त्याने औषध अधिक आत शिरते आणि कातडीही भाजते.

डासांविषयी थोडेसे. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे रुग्ण वाढले की गवती चहा, सिट्रोनेला किंवा कडुनिंब यांची तेले हातापायांना लावण्याचा सल्ला फिरू लागतो. सिट्रोनेलाचा वास डासांना नकोसा होतो हे खरे, पण तो लवकर उडून जातो आणि संरक्षणही त्याच्याबरोबर जाते. लिंबाच्या वासाच्या नीलगिरीपासून तयार केलेले पीएमडी नावाचे द्रव्य मात्र काही तास टिकते आणि त्याला शास्त्रीय पाठबळ आहे. तीन वर्षांखालील मुलांना मात्र तेही लावू नये. बाकी टाकीवरचे झाकण आणि अंगभर कपडे यांना कोणत्याही तेलाची सर येत नाही.

घरात ही तेले ठेवायचीच असतील तर गडद रंगाच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत, अंधाऱ्या आणि कुलपाच्या जागी ठेवावीत. उघडून फार दिवस झालेली बाटली टाकून द्यावी. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन लिमोनीन आणि लिनालूल यांच्यापासून जे पदार्थ बनतात ते त्वचेला मूळ तेलापेक्षा अधिक ॲलर्जी देतात. ‘जुने तेल मुरते’ हा न्याय इथे लागू नाही. मोठ्यांनीही शुद्ध तेल थेट अंगाला लावू नये. चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब पुरतात. दमेकऱ्याच्या खोलीत सुगंधाचे यंत्र रात्रभर चालू ठेवू नये.

मुलाने तेल प्यायले किंवा कापूर खाल्ला असे कळले, किंवा नुसता संशय आला, तरी घशात बोट घालून अथवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाते. दूध किंवा तूप पाजू नये. तोंड पुसावे, अंगाला लागलेले तेल साबणाने धुवावे आणि १०८ क्रमांकाला फोन करून जवळच्या सरकारी रुग्णालयात निघावे. मूल ठणठणीत दिसत असले तरी निघावे, कारण पहिले लक्षणच आकडी असू शकते. वाटेत आकडी आली तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, नाकाशी कांदा वा चप्पल धरू नये. आणि ती बाटली, रिकामी असली तरी, सोबत आणावी. तेल कोणते, किती टक्क्यांचे आणि बाटलीतून किती कमी झाले, हे आम्हाला वेष्टनावरून एका मिनिटात कळते. मुलाच्या तोंडाच्या वासावरून ते कळत नाही.